आमची जहाजबांधणी

येलहंका समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० फूट उंचीवर आहे, आणि समुद्र, पूर्वेचा घ्या की पश्चिमेचा, येथून शेकडो मैल दूर आहे. गावात मोठे तळे आहे, हवाई दलाचा तळ आहे आणि रेल्वेची चाके व आस तयार करणारा कारखाना आहे. म्हणजे आकाशातून जाणाऱ्याची आणि रुळांवरून जाणाऱ्याची येथे उत्तम सोय आहे. पाण्यावरून जाणाऱ्याची मात्र कोणी वास्तपुस्त केलेली नाही. अशा ठिकाणी बदलीने आलेल्या आम्ही जहाज बांधावयास घेतले, याबद्दल कचेरीत जी थट्टा झाली ती योग्यच होती, असे आमचेही मत आहे.

जहाज म्हणजे दीड हात लांबीचे. आमच्या मेव्हण्यांनी परदेशातून येताना एक खोके आणले. त्यात कापून ठेवलेला लाकडी कणा, त्यात आडव्या बसवावयाच्या फासळ्या, दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांच्या जुड्या, सुताची रिळे आणि मसुराएवढ्या पितळी तोफा होत्या. अठराव्या शतकातील दोन डोलकाठ्यांचे एक इंग्रज लढाऊ जहाज, मूळच्या चौसष्टाव्या हिश्शाने. सूचनापुस्तिका मूळ इटालियन, आणि तिचे इंग्रजी असे की परिपत्रकांवर मुरलेल्या आम्हांसही तिसऱ्या वाचनानंतर अर्थ लागावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये, विमानांच्या प्रदर्शनामुळे येलहंक्याचे आकाश दिवसभर फाटत असताना, आम्ही पहिली फासळी कण्यात बसविली. प्रत्येक विमानासरशी टेबल थरथरे आणि फासळी काटकोन सोडी.

इंग्रजांचेच जहाज का, हा प्रश्न आम्हीही स्वतःस विचारला होता. आमचे मूळ गाव देवगड तालुक्यात. विजयदुर्ग त्याच तालुक्यात. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा आंगऱ्यांचे आरमार त्या बंदरात जळून गेले. त्या आरमारातील गुराबेचे वर्णन ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने करून ठेवले आहे: दोन किंवा तीन डोलकाठ्या, लांबीच्या मानाने रुंद पोट, आणि पुढे काढलेली सखल नाळ, जिच्यावरून समोर तोफा डागता येत. वर्णन आहे, परंतु गुराबेच्या फळ्या भरलेले खोके कोठे विकत मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा जे मिळाले ते बांधावयास घेतले.

शिवाय इंग्रजांची म्हणविणारी जहाजे सगळी इंग्लंडात बांधलेली थोडीच होती! ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानात बांधली, आणि ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती अद्याप इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगते आहे. तिचा कणा बसविताना वाडियांच्या रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. आम्हां कारकुनांस तिची दुसरी एक हकीकत अधिक जवळची वाटेल. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजाबरोबर निघाले; डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावेचा पाडाव केला, आणि नकाशे तिच्याबरोबर नाहीसे झाले. मग नकाशांची दुसरी प्रत रवाना करावी लागली. ती प्रत काढणाऱ्या अनामिक लेखनिकाची आम्हांस वारंवार आठवण होते.

फासळ्या बसविणे सोपे. फळ्या बसविणे हे खरे काम. जहाजाचा घेर पोटाशी मोठा असतो आणि नाळेशी लहान, पण फळ्यांची संख्या दोन्ही ठिकाणी तीच. म्हणून प्रत्येक फासळीवरचा घेर मोजून, त्याचे सारखे भाग पाडून, प्रत्येक फळी टोकांकडे निमुळती करावी लागते. त्याआधी फासळ्यांच्या कडा घासून तिरप्या कराव्या लागतात, नाहीतर फळी फासळीच्या नुसत्या धारेवर टेकते. मग फळी कोमट पाण्यात भिजवायची, गरम इस्त्रीच्या कडेवरून वळवायची, फेव्हिकॉल लावून बसवायची आणि वाळेपर्यंत चिमट्यांनी धरून ठेवायची. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे एकामागून एक जहाजावर गेले आणि वारा सुटला की आमचे सदरे शेजाऱ्यांच्या गच्चीवर. सौभाग्यवतींनी याविषयी जे उद्गार काढले ते येथे देण्याचे कारण नाही.

दिवाळीपर्यंत डाव्या बाजूस अकरा फळ्या बसल्या. उजव्या बाजूस एकही नव्हती. एक बाजू मनासारखी जमवावी आणि मग दुसरीकडे वळावे, हा आमचा कचेरीतील शिरस्ता. एक नस्ती संपविल्याशिवाय आम्ही दुसरी उघडत नाही. अकरा फळ्या इतक्या गुळगुळीत जुळल्या होत्या की आम्ही रात्री उठून त्यांवरून हात फिरवीत असू.

डिसेंबरात वडील देवगडहून आले. त्यांचे वय सत्तरीचे. पहिल्या दिवशी त्यांनी जहाजाकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते उचलले, डोळ्यासमोर नाळेकडून धरले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “ह्यां गलबत एका बाजूक वाकलां हा.”

आम्ही दोरा ताणून पाहिला. कणा मध्यावर चार मिलिमीटर डावीकडे ओढला गेला होता. फळी वाळताना आकसते आणि कण्याला आपल्याकडे ओढते. म्हणून डावीकडे एक बसविली की उजवीकडे तिची जोडीदार बसवावी, म्हणजे ओढीला ओढ मिळते. पुस्तिकेच्या नवव्या पानावर हे छापले होते. आम्ही त्या वाक्याचा अर्थ भलताच लावला होता.

आम्ही ज्याला कणा म्हणत होतो त्याला वडील ‘पठाण’ म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकला. आमचे आजोबा खाडीकाठी मचवे बांधीत, एवढेच आम्हांस ठाऊक होते. वडिलांनी अठराव्या वर्षी मुंबईस जाऊन कारकुनी धरली, आणि घरात त्या धंद्याचा विषय कधी निघत नसे. त्या रात्री तो निघाला. फासळ्या आधी उभ्या करून त्यांवर फळ्या मारण्याच्या आमच्या पद्धतीचे त्यांना नवल वाटले नाही. पण वर्तमानपत्रात ‘कौंडिण्य’ या जहाजाविषयी आले होते ते त्यांनी दोनदा वाचून घेतले. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेले हे जहाज. त्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत. काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, आणि फासळ्या मागाहून आत बसविलेल्या. केरळात बेपूर येथेही मोठी लाकडी जहाजे फळ्या आधी आणि फासळ्या नंतर अशीच बांधीत आले आहेत. तेथे आकार फासळी ठरवीत नाही, मिस्त्रीची नजर ठरविते. वडील म्हणाले, नजर असली की कोणतीही रीत चालते, आणि तीच आजोबांना नडली.

१९७३ सालची गोष्ट. एका नाखव्याचा मचवा बांधावयास घेतला होता. पठाणाचे लाकूड पुरते वाळले नव्हते. वैशाखाच्या उन्हात ते पिळले. दोन्ही बाजूंस सात-सात फळ्या चढल्या होत्या. आजोबांनी नाळेकडून डोळा लावला. दोन बोटांचा फरक होता. नाखवा म्हणाला, पाण्यात कोणाला दिसते, रंग मारा आणि नारळी पौर्णिमेला द्या. आजोबांनी ऐकले नाही. चौदा फळ्या काढल्या, पदरच्या पैशाने नवे लाकूड आणले, आणि पौर्णिमा हुकली. नाखव्याने दुसरीकडून मचवा घेतला. आजोबांचा मचवा मांडवात तसाच राहिला, कर्ज झाले, वडील त्याच वर्षी बोटीने मुंबईस गेले.

आजोबा चुकले, हे वडिलांचे मत तेव्हा होते आणि आजही आहे. ते त्यांनी आम्हांस स्पष्ट सांगितले. दोन बोटांनी मचवा बुडत नाही. घर मात्र बुडाले. मग आमच्या जहाजाकडे बोट करून म्हणाले, “तू तर कपाटात ठेवतलंस मरे. कोणाक दिसतलां?”

आम्ही ते वर्तमानपत्राखाली झाकून ठेवले. एक आठवडा कचेरीतून आल्यावर त्या खोलीत गेलो नाही. वडिलांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. आमच्या शिक्षणाचा खर्च, ही पदवी, ही नोकरी, सगळे त्यांच्या त्या मुंबईच्या प्रवासातून आलेले. आजोबांचा मचवा वेळेवर पाण्यात गेला असता तर कदाचित आम्ही आज देवगडला रंधा मारीत असतो, अथवा नसतो. आणि तरीही वर्तमानपत्राखालचे ते चार मिलिमीटर आम्हांस भिंतीपलीकडून दिसत असत.

संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीस, कौंडिण्य पोरबंदरहून निघून मस्कतला पोहोचले. त्याच दिवशी सुटी होती म्हणून आम्ही स्पिरिटचा बोळा घेऊन बसलो. स्पिरिटने फेव्हिकॉल नरम पडतो आणि पातळ सुरी आत सरकते. सहा फळ्या धड निघाल्या, पाच मोडल्या. वडील दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी थांबा म्हटले नाही, बरे केलेत असेही म्हटले नाही. त्या रात्री ते आमच्याशी बोलले नाहीत, आणि तिळगूळही सौभाग्यवतींच्या हातून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा कणा दोन पाटांच्या मध्ये घट्ट दाबून, दोन्ही बाजूंस पाचरी मारून ठेवलेला होता. पाचरी जुन्या फूटपट्टीच्या होत्या. तो तसा पंधरा दिवस राहिला. मग दोरा लावला तर फरक एका मिलिमीटराच्या आत आला होता. वडिलांनी पुन्हा डोळा लावला, काही बोलले नाहीत, आणि दोरीवरचे चिमटे काढून आणावयास गच्चीवर गेले.

फेब्रुवारीअखेर ते देवगडला परतले. आता डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा दोन्ही बाजूंस नऊ-नऊ फळ्या बसल्या आहेत. डोलकाठ्या व शिडांचे कापड अजून खोक्यातच आहे. रविवारी वडिलांचा फोन येतो. प्रकृतीचे ते मागाहून सांगतात. आधी विचारतात, “फळयो कितक्यो झाल्यो?”