कोणाकडे आलात?

परळच्या आमच्या चाळीत अनोळखी माणूस जिना चढला की गॅलरीतून कुणीतरी विचारतेच, "कोणाकडे आलात?" ईमेलला अशी गॅलरी नसते. म्हणून दहा वर्षांच्या मुलीला शाळेसाठी ईमेल हवा झाला, तेव्हा आम्ही नवरा-बायकोने तिचे खाते गुगलच्या फॅमिली लिंकवर आमच्या खात्याला जोडून उघडले. 13 वर्षांखालील मुलांसाठी तीच सोय आहे. अनोळखी मेलमधली लिंक उघडायची नाही. फोटो, पत्ता, ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे तिला समजावले. पैशांची फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करायचा. पण सर्वांत कठीण नियम आम्ही स्वतःला घातला : तिने काही दाखवले तर रागवायचे नाही. अम्मी-अब्बा ओरडतील म्हणून मूल गप्प बसते आणि फसवणाऱ्याचे फावते.