आपणच आपला धनी असलेला वृक्ष

परगांवीं पाहुणा म्हणून गेलें असतां यजमान जें हौसेनें दाखवितात तें तर पाहावेंच. परंतु त्या रस्त्यानें आणखी थोडें पुढें गेल्यास काय दिसतें, हेंहि पाहून यावें, असें आमचें मत आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत, जॉर्जिया राज्यांतील अथेन्स या गांवीं आमची पुतणी शिकत असते. तिच्याकडे आम्ही व आमच्या थोरल्या वहिनी कांहीं दिवस राहून आलों, तेव्हां हें मत अधिकच दृढ झालें.

बहुतेक ठिकाणीं आधीं गांव वसतें आणि मागाहून तेथें शाळा निघते. येथें क्रम उलटा आहे. जॉर्जिया विद्यापीठाची सनद १७८५ सालची. ओकोनी नदीकांठीं जागा घेऊन प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले ते १८०१ सालीं. आणि त्या वर्गांच्या आश्रयानें गांव वाढलें. नांव ठेवतांना संस्थापकांनीं सरळ ग्रीकांच्या विद्यानगरीचेंच ठेवलें. जंगल तोडून चार खोल्या बांधणाऱ्यांची ही उमेद पाहून आम्हांस हसूं आलें व कौतुकहि वाटलें.

विद्यापीठाच्या तोंडाशीं तीन खांबांची एक ओतीव लोखंडाची कमान आहे. पदवी मिळण्यापूर्वीं जो विद्यार्थी हिच्याखालून जाईल, त्याला पदवी मिळत नाहीं, असा तेथील समज! आमची पुतणी शास्त्र शिकते, घरांतील सोवळ्याओवळ्यास हंसते. पण कमानीपाशीं येतांच ती मुकाट्यानें बाजूनें वळसा घालून गेली. आमची पदवी जुनी असल्यामुळें आम्ही मधूनच गेलों. "आणि म्हणे परीक्षेला निघतांना दहीसाखर नको!" वहिनी म्हणाल्या.

नगरभवनाजवळ एक दुनळी तोफ ठेविलेली आहे. यादवी युद्धांत, १८६२ सालीं, जॉन गिललंड नांवाच्या गृहस्थांनीं ती काढली. दोन गोळे साखळीनें जोडावयाचे, दोन्ही नळ्या एकदम उडवावयाच्या आणि मधल्या साखळीनें शत्रूची रांग कापून काढावयाची, अशी योजना होती. परंतु दोन्ही नळ्या एका क्षणीं पेटेनात. गोळे भलतीकडेच गेले, साखळी तुटली, आणि पुढें ही तोफ गांवांत इशारा देण्यापुरती उरली. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्यांस या साखळीची कथा अधिक फोड करून सांगावयास नको!

खेळाचें मैदान १९२९ सालचें. तेथें नव्वद हजारांहून अधिक माणसें बसतात, आणि संघाचें मानचिन्ह म्हणून पाळलेल्या बुलडॉग कुत्र्यांच्या समाध्याहि तेथेंच आहेत. वहिनींस रायगडावरील वाघ्याची आठवण झाली.

पण आमचें मन रमलें तें डिअरिंग व फिनली या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एका पांढऱ्या ओक वृक्षापाशीं. या वृक्षाचा धनी तो वृक्षच आहे! कर्नल विल्यम जॅक्सन यांचें लहानपण तेथील मूळच्या वृक्षाच्या छायेंत गेलें होतें. त्या प्रेमापोटीं त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो वृक्ष व त्याच्याभोंवतालची आठ फूट जमीन त्या वृक्षाच्याच नांवें करून दिली, अशी कथा आहे. तो दस्तऐवज आज कोणापाशींहि नाहीं, आणि झाडाला दान घेतां येतें असें तेथील कायदाहि मानीत नाहीं. देवाच्या नांवावर जमिनी असलेल्या देशांतून आलेल्या आम्हांस मात्र ही कल्पना मुळींच चमत्कारिक वाटली नाहीं. मूळ वृक्ष ता. ९ ऑक्टोबर १९४२ रोजीं कोसळला. त्याच्याच बीजापासून वाढविलेलें रोप गांवांतील बागकामाच्या हौशी स्त्रियांनीं १९४६ सालीं त्याच जागीं लाविलें, आणि गांवानें त्यास बापाचा वारस म्हणून मान्य केलें. दस्त नाहीं, कायद्याचा आधार नाहीं. तरी त्या आठ फुटांस कोणी हात लावीत नाहीं. रस्ता अरुंद झाला तरी चालेल, पण वृक्षाची जमीन वृक्षाची! वहिनींनीं तेथें सहजच हात जोडले.

तेथून परतावयाचें, परंतु पुतणी म्हणाली, "काका, थोडें खालीं जाऊं या." त्याच फिनली रस्त्याच्या बाजूस उतारावर लिननटाउन नांवाची वस्ती होती. सुमारें पन्नास नीग्रो कुटुंबें—आतां हा शब्द त्या लोकांस रुचत नाहीं, म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबें म्हणूं—तेथें राहत. कोणी गवंडी, कोणी नळकाम करणारा, कोणी घरकाम करणारी. कष्टाच्या पैशानें पुष्कळांनीं स्वतःचीं घरें केलेलीं. त्या काळीं विद्यापीठ गोऱ्यांचेंच होतें. चार्लेन हंटर व हॅमिल्टन होम्स हे पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी न्यायालयाच्या हुकमानें १९६१ च्या जानेवारींत आंत आले, तेव्हां हंटरबाईंच्या वसतिगृहावर जमावानें दगड फेंकले. आज कमानीजवळची एक इमारत त्या दोघांच्या नांवानें ओळखली जाते. परंतु त्याच दशकांत, विद्यार्थी वाढले व वसतिगृहांस जागा हवी झाली तेव्हां, नगरसुधारणेच्या नांवाखालीं लिननटाउनला गलिच्छ वस्ती ठरवून सरकारी अधिकारानें ती जमीन घेण्यांत आली. मोबदला अपुरा मिळाला, घरें पाडलीं गेलीं, माणसें पांगलीं. त्या वस्तींत वाढलेल्या हॅटी व्हाइटहेड आदि मंडळींनीं म्हातारपणीं ही हकीकत लावून धरली. तेव्हां कोठें २०२१ च्या फेब्रुवारींत तेथील स्थानिक सरकारनें झालेला अन्याय ठरावानें कबूल केला.

त्या जागीं आतां वसतिगृहांचे उंच मजले उभे आहेत. "पहिलें वर्ष मी यांतच राहिलें," पुतणी म्हणाली. "माझ्या खोलीखालीं कोणाचें तरी अंगण होतें, हें मला दुसऱ्या वर्षीं कळलें."

लग्न होऊन ज्या वाड्यांत आल्या त्याच वाड्यांत पन्नास वर्षें काढलेल्या वहिनी बराच वेळ वर पाहत होत्या. "त्या लोकांजवळ कागद नव्हते का ग?"

"होते, मोठ्या काकू."

दुसऱ्या दिवशीं आम्ही वनस्पतींचें सरकारी उद्यान पाहिलें. तें ३१३ एकरांचें आहे. फुलांचे ताटवे तर सुरेख आहेतच, पण नदीकडे उतरणाऱ्या झाडींतील पायवाटा आम्हांस अधिक आवडल्या. वृद्ध माणसांनीं तेथें सकाळीं जावें. दुपारीं ऊन आपल्याकडच्या वैशाखासारखें लागतें. वहिनी प्रत्येक पाटीशीं थांबून झाडाचें नांव विचारीत होत्या, आणि मग, येथें पूर्वीं कोण राहत होतें, हेंहि विचारीत होत्या. नदीचें ओकोनी हें नांव येथल्या मूळच्या आदिवासी लोकांचेंच आहे, एवढें पुतणीनें सांगितलें. पाणी गढूळ होतें, तरी त्यांनीं खालीं उतरून त्यांत हात भिजविला.