'जाऊन येतो' म्हणायचं, तेही कागदावर!

जपानमधल्या भाषाशाळेत नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच रोजच्या व्यवहारातली काही वाक्ये पाठ करावी लागतात. त्यातले एक म्हणजे 'इत्ते किमास'. घरातून बाहेर पडताना हे म्हणायचे. घरातले माणूस त्यावर 'इत्ते राश्शाइ' असे उत्तर देते. मराठी मुलांना या वाक्याचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागत नाही. 'जाऊन येतो' असाच त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडेही निघताना कुणी 'जातो' म्हटले की आजी टोकते, ''जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं!''

जपानमध्ये ही रीत घराच्या उंबरठ्यापाशी संपत नाही. भाषेच्या शिक्षणासाठी राहिलेल्या परदेशी मुलाला सुट्टीत घरी यायचे असेल, तर देशाचा उंबरठा ओलांडतानाही 'जाऊन येतो' असे सांगावे लागते. फक्त तिथे ते तोंडी चालत नाही. विमानतळावरच्या एका छोट्या फॉर्मवर, एका चौकोनात खूण करून सांगावे लागते. ती खूण राहिली, तर महिनोन् महिने खटपट करून मिळवलेला मुक्काम तिथेच संपू शकतो.

शाळांची वस्ती

टोकियोच्या यामानोते या वर्तुळाकार रेल्वेमार्गावर ताकादानोबाबा नावाचे स्टेशन आहे. प्रसिद्ध वासेदा विद्यापीठ इथून जवळ. त्यामुळे स्वस्त खानावळी, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि विद्यार्थ्यांची वर्दळ इथे पूर्वापार. याच परिसरात जपानी भाषेच्या अनेक शाळा आहेत. चिनी, नेपाळी, व्हिएतनामी, कोरियन मुलांबरोबर भारतीय मुलेही तिथे दिसतात. पुढचेच स्टेशन शिन-ओकुबो. तिथल्या किराणा दुकानांत मसूर डाळ, हळद, जिरे मिळते आणि घरची आठवण थोडी हलकी होते.

महाराष्ट्रातून, विशेषतः पुण्यातून, जपानीच्या ओढीने जाणारी मुले नवीन नाहीत. पुण्यात ही भाषा शिकण्याची परंपरा काही दशकांची आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान तर ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे आहे. पुण्यातल्या घरांना जपान तसा परका नाही. परके वाटतात ते तिथले कागद.

व्हिसा फक्त दारापर्यंत

बहुतेक घरांत गैरसमज होतो तो इथेच. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा दिसतो आणि वाटते, हा आहे तोवर काळजी नाही. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला सहसा मिळणारा व्हिसा एकदाच आत जाण्यापुरता असतो. जपानच्या विमानतळावर उतरून आत प्रवेश मिळाला की त्याचे काम संपले. त्यानंतर विद्यार्थी राहतो तो 'निवासाच्या दर्जा'वर. हा दर्जा आणि त्याची मुदत छापलेले निवासपत्र, म्हणजे 'झाइर्यू कार्ड', नारितासारख्या मोठ्या विमानतळांवर उतरल्याबरोबर हातात पडते. राहण्याचे ठिकाण ठरल्यावर चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. भाषाशाळेतले शिक्षण जास्तीत जास्त दोन वर्षांचे. मुदत टप्प्याटप्प्याने मिळते आणि ती वाढवून घ्यावी लागते.

म्हणूनच सुट्टी संपवून परतणाऱ्या मुलाकडे मुंबईच्या विमानतळावर कर्मचारी पासपोर्टबरोबर ते कार्ड मागतात. जुना व्हिसा दाखवून भागत नाही.

पूर्वी रांग, आता खूण

२०१२ पूर्वी घरी यायचे तर आधी 'पुनःप्रवेश परवाना' काढणे भाग होते. टोकियोतले विद्यार्थी त्यासाठी शिनागावा स्टेशनवरून बस पकडून बंदराजवळच्या इमिग्रेशन कचेरीत जात. फॉर्म, टोकन आणि तासन् तास वाट पाहणे. एका फेरीच्या परवान्याला तीन हजार येन, अनेक फेऱ्यांच्या परवान्याला सहा हजार. गावाकडून आजोबा गेल्याचा फोन आला, तरी विमानाच्या तिकिटाआधी हा शिक्का मिळवावा लागे.

९ जुलै २०१२ पासून नवी पद्धत आली. चालू पासपोर्ट आणि निवासपत्र जवळ असेल आणि एका वर्षाच्या आत परत यायचे असेल, तर वेगळा परवाना लागत नाही, शुल्कही नाही. निघताना पुनःप्रवेशाचा फॉर्म भरायचा, 'तात्पुरता जात आहे, परत येणार आहे' अशा अर्थाच्या ओळीसमोर खूण करायची आणि अधिकाऱ्याला निवासपत्र दाखवायचे, एवढेच.

सोय मोठी, पण चूकही तेवढीच सोपी. विमान सुटायची घाई, हातात भेटवस्तूंच्या पिशव्या, अशात खूण राहिली तर अधिकारी ते कायमचे जाणे समजू शकतो. मग निवासपत्राला भोक पाडून ते रद्द होते आणि दर्जाही जातो. पुन्हा शाळेमार्फत पात्रता प्रमाणपत्र, पुन्हा व्हिसा, पुन्हा प्रतीक्षा.

दार बंद झाले तेव्हा

खूण बरोबर केली तरी दार उघडे असेलच, असेही नाही. हे कोविडच्या साथीत कळले. २०२० च्या एप्रिलपासून जपानने अनेक देशांतून येणाऱ्या परदेशी लोकांना प्रवेश नाकारला. पुनःप्रवेशाचा हक्क असलेलेही त्यात अडकले. मे महिन्याच्या अखेरीस त्या यादीत भारताचे नाव आले. सप्टेंबरमध्ये निवासाचा दर्जा असलेल्यांसाठी दार किलकिले झाले, पण मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्यांवर पुन्हा बंदी आली. टोकियोतल्या खोलीचे भाडे चालू, पुस्तके तिथे आणि मूल इथे, अशा अवस्थेत अनेक घरांनी दिवस काढले. परतीची एका वर्षाची मुदत मात्र थांबत नव्हती. नव्या विद्यार्थ्यांसाठी दार पुन्हा उघडले ते १ मार्च २०२२ पासून.

निघण्यापूर्वी

ही परिस्थिती वेगळी होती. पण रोजच्या काळातही काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवायला हव्यात.

एक वर्ष ही वरची मर्यादा आहे. निवासाची मुदत त्याआधी संपत असेल, तर त्याआधीच परतायला हवे. ही सवलत परदेशात बसून वाढवून मिळत नाही. जास्त काळ लागेल असे दिसत असेल, तर निघण्यापूर्वीच रीतसर परवाना काढावा. त्याचे कचेरीतले शुल्क एप्रिल २०२५ मध्ये वाढून एका फेरीला चार हजार आणि अनेक फेऱ्यांना सात हजार येन झाले.

हजेरीचाही हिशेब असतो. योग्य कारणाशिवाय तीन महिने किंवा अधिक काळ शिक्षण बंद राहिले, तर दर्जा काढून घेतला जाऊ शकतो. मुदत वाढवतानाही हजेरी पाहिली जाते. दिवाळी नेमकी शाळेच्या सत्रात येते. बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त काही शाळेचे वेळापत्रक पाहून निघत नाही. अशा वेळी शाळेला आधी कळवून, किती दिवस बुडतील ते विचारून निघावे.

परत आल्यावर पुनःप्रवेशाच्या रांगेत पासपोर्ट आणि निवासपत्र द्यायचे. बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोव्हेंबर २००७ पासून घेतले जाते, ते परतणाऱ्या विद्यार्थ्यालाही चुकत नाही. त्यानंतर खोलीवर जाऊन 'तादाइमा', म्हणजे 'आलो बरं का', म्हणायला तो मोकळा.

आई फोनवर विचारते, ''तिकीट काढलंस का? स्वेटर घेतलास का?'' त्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालायला हवी. ''कार्डावरची तारीख पाहिलीस का? आणि निघताना त्या चौकोनात खूण करशील ना?''