बोटांना कळलेलं

माती टोचून सुरुंग शोधायचा प्रॉडर दगडाला लागला की त्याची टणक धडक थेट कोपरापर्यंत येते. मुळाला लागला तर किंचित आत शिरतो आणि मूळ त्याला परत ढकलतं. प्लॅस्टिकचा सुरुंग यातलं काहीच करत नाही. तो नुसता अडवतो. हे ‘नुसतं अडवणं’ कागदावर कसं उतरवायचं, इथे माझं लिखाण कधीचं अडलंय.

साखरेनं बोटांची टोकं बधिर होत चालली आहेत. शर्टाचं बटण आता बघून लावावं लागतं. याच बोटांवर सगळी नोकरी झाली. खरं सांगायचं तर पदकांपेक्षा मला या बोटांचाच ताठा जास्त. अजूनही कुणी ‘उस्तादांचा हात’ म्हटलं की छाती फुगते. तो हात विसरायला लागला, म्हणून लिहायला बसलो.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतले, आम्ही काही पेन्शनर दिघी-विश्रांतवाडीकडे राहतो. रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. कॅन्टीन, औषधं, पोरांची लग्नं हे बोलून झालं की युद्धावरची पुस्तकं निघतात. ती आमच्यातल्याच एका दादांची. दादा इंग्रजी वाचून आम्हाला मराठीत सांगायचे. ते गेले तेव्हा वहिनींनी त्यांची काळी ट्रंक माझ्याकडे पाठवली. तेव्हापासून वाचून सांगण्याचं काम माझं.

या पुस्तकांत आपली माणसं भेटतात. प्रेमिंद्रसिंग भगत, आमच्याच सॅपर्सबरोबर, १९४१ साली इथिओपियातल्या मेटेम्माच्या पुढे. चार दिवस, ५५ मैल, १५ सुरुंगक्षेत्रं. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली माणूस घ्यायला नकार दिला. कारण काय, तर हे काम शेवटाला न्यायला आता मीच जास्त लायक आहे. व्हिक्टोरिया क्रॉसच्या सायटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. मी तिथेच थांबतो. त्या चार दिवसांत त्यांना असं काय कळलं होतं, जे पहिल्या सकाळी ठाऊक नव्हतं? त्याबद्दल सायटेशनमध्ये अवाक्षर नाही.

रामा राघोबा राणे यांचंही तेच. कारवारकडचा माणूस, १९४८ चा एप्रिल, नौशेरा–राजौरी रस्ता. मांडीला जखम असताना रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेले आणि दोरीने चालकाला ‘थांब’, ‘चल’ सांगत राहिले. परमवीर चक्राचा हा प्रसंग आमच्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. पण डोक्यावर तेवढं लोखंड गुरगुरत असताना पुढची माती ते कशी वाचत होते, हे मला हवं आहे. ते कुठे सापडत नाही.

रेजिमेंटचे जाडजूड इतिहास गुळगुळीत कागदावर निघतात. कुठली कंपनी कधी कुठे होती, हे त्यांत चोख असतं. अधिकाऱ्यांच्या आठवणींत मेस असते, बदल्या असतात, ‘माझे जवान’ असतात. सिनेमावाल्यांची लाल वायर की निळी वायर तर सोडूनच द्या. जमिनीवर पालथा पडलेला माणूस आणि त्याच्या बोटांपुढची वीतभर माती, एवढीच जागा सगळ्यांकडून सुटते. उलट ओंडात्जे या कादंबरीकाराने ‘द इंग्लिश पेशंट’मध्ये किरपाल सिंग नावाचा शीख सॅपर उभा केला, तो त्या जागेच्या पुष्कळ जवळ पोचतो. याचा मला हेवा वाटतो. ते पान मी लिहायला हवं होतं, असं मनापासून वाटतं.

ही जागा ओळखलेली एक बाई मात्र मला माहीत आहे. लॉर्ड सफोक लंडनमध्ये जर्मन बॉम्ब निकामी करायचे तेव्हा त्यांची सेक्रेटरी बेरिल मॉर्डन त्यांचं एकेक पाऊल टिपून घ्यायची. घात झाला तरी कुठपर्यंत ठीक चाललं होतं, हे मागच्याला कळावं म्हणून. १२ मे १९४१ ला एरिथच्या दलदलीत ते दोघे आणि ड्रायव्हर फ्रेड हार्ड्स एकाच स्फोटात गेले. सफोकना जॉर्ज क्रॉस मिळाला. आमच्या रविवारच्या बैठकीत त्यांच्याइतकंच मॉर्डनचंही नाव निघतं, मीच काढतो.

आता ‘दक्ष’ आहे. आमच्या दिघीतच डीआरडीओने घडवलेला रोबो. जिना चढतो, बॅगेचा एक्स-रे काढतो, पाण्याचा झोत मारून बॉम्ब निकामी करतो. त्याने कितीतरी पोरं वाचावीत. पण डोंगरउतारावर पावसाने जागा सोडलेला हलका प्लॅस्टिकचा सुरुंग, ज्यात डिटेक्टरला सहज कळण्याइतका धातूही नसतो, तिथे अजून माणूसच पोटावर सरपटतो. नवीन पोरांना पडद्यावर बघण्याची सवय लागली आहे. हाताला वेळ द्यायची तयारी कमी दिसते, आणि हे मला सलतं.

परवा एक पोरगा सुट्टीवर आला होता, अजून नोकरीत आहे. माझी पानं त्याने वाचली. म्हणाला, “उस्ताद, दगड, मूळ, सुरुंग समजलं. पण थंडीत बोटं मेल्यासारखी होतात तेव्हा? तुम्ही त्याचं काहीच लिहिलं नाही.” मी म्हटलं, हात काखेत धरायचा, बोटांच्या टोकाला टोचलेलं कळेपर्यंत प्रॉडर उचलायचा नाही. “आणि वेळच नसेल तर?” असं त्याने विचारलं. मी वही त्याच्याकडे सरकवली. ते पान तो लिहितोय, त्याच्या अक्षरात. मी समोर बसून एकेक वाक्याला ‘मग हाताला काय लागलं?’ एवढंच विचारतो.