भरतीच्या वाटेवरील नाव

लोंढा जंक्शन सोडून गाडी गोव्याकडे वळली, की आमच्या सीमाभागातील कुटुंबांची सुट्टी खऱ्या अर्थाने सुरू होते. कॅसलरॉक मागे पडते, दूधसागरचा शुभ्र प्रपात खिडकीशी येतो आणि घाट कुळ्याला उतरतो. ते पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळते. मांडवीचा उगमही आमच्याच खानापूर तालुक्यातला. येथे ती म्हादई. डोंगरात तिला एकच दिशा ठाऊक असते. गोव्यात मात्र समुद्राची भरती तिच्या पात्रात मैलोगणती शिरते आणि दिवसातून दोनदा तिला उलटे वाहावयास लावते.

मांडवी व जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा पाहताना आम्हांला हे विशेष जाणवले. भरती येथे दोन्ही तोंडांनी आत येते. काठी खाजणे आणि खारफुटी, पाण्यात मगरी. पावसाळ्यात आग्वादजवळील वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे मुख धोक्याचे होते; म्हणून खनिजाच्या बार्जा या कालव्यातून मुरगावकडे नेण्याचा प्रघात पडला. २०१६ च्या कायद्याने तो राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ ठरला.

अशा पाण्यावर जाणता तांडेल आधी भरती-ओहोटीची वेळ पाहतो. पाणी ओसरले की नाव गाळात रुतते. ओहोटीचा ओघ आणि समुद्रावरचा वारा समोरासमोर आले, की लाटा उसळतात.

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा जुना कायदा बाजूला सारला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेस नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र आणि विमा आवश्यक ठरला. नौकेमुळे कोणाचा मृत्यू झाला, इजा वा मालमत्तेची हानी झाली, तर भरपाईची तरतूद त्यात आहे. परंतु विमा बुडणाऱ्यास हात देत नाही. तो मागे राहिलेल्यांच्या कामी येतो. प्रमाणपत्रातील संख्येहून अधिक माणसे चढली, तर त्या भरपाईलाही वादाची वाट फुटते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जीव गेले. चूक आदळणाऱ्या बोटीची असली, तरी 'नीलकमल'वर परवान्याहून अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर तरंगजाकिटे नव्हती.

भाड्यासाठी घासाघीस करणारी आपली मंडळी धक्क्यावर मात्र दोन प्रश्न विचारण्यास संकोचतात : नावेत माणसे किती घ्यावयाची, आणि जाकिटे सर्वांना पुरतील ना? मुलांना नावेत बसविण्यापूर्वी तेवढे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर काठावरूनही मांडवी सुंदरच दिसते.