वॅट नाही, संवाद

मुखेडात अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न, "किती वॅटचा?" खोक्यावरचे पीएमपीओचे हजारांतले आकडे सोडा, आरएमएस बघा. मग स्पीकरमागचे ओहम. 8 ओहमसाठीच्या अ‍ॅम्प्लिफायरला 4 ओहमचे स्पीकर जोडले, तर ते तेवढ्याच व्हॉल्यूमला दुप्पट करंट ओढतात, अ‍ॅम्प्लिफायर तापतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर फुल्ल पिळला की आवाज फाटतो, ट्विटर जळू शकतो.

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. सिनेमातलं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं. म्हणून सेंटरचा आवाज वेगळा वाढवता येईल असाच अ‍ॅम्प्लिफायर मी शोधतोय. पत्रे हादरले नाहीत तरी चालेल. विनोदावर बाबा आमच्यासोबतच हसले पाहिजेत, आमच्याकडे बघून नाही.