आबांचा पाय

आमच्या गावातून चिपळूणला जायचं तर कुंभार्ली घाट उतरल्यावाचून गत्यंतर नाही. हेळवाक मागं पडलं की रस्ता कोकणाकडं तोंड करतो आणि खाली पोफळीपर्यंत वळणामागून वळण येत राहतं. त्या घाटात आबांनी बावीस वर्षं वडापची जीप चालवली. पावसाळ्यात धुक्यानं पुढचं दिसत नाहीसं झालं की माणसं म्हणायची, "आबांच्या गाडीत बसा, सुखरूप पोचाल."

ही गोष्ट २००४ सालच्या पावसाळ्यानंतरची. घाट उतरताना पुढच्या ट्रकनं एकदम वेग कमी केला. आबांनी ब्रेक दाबला, पण जीप थांबली ती ट्रकपासून वीतभर अंतरावर. गाडीत दहा माणसं होती. कुणाला काही झालं नाही, पण मागच्या सीटवरची एक म्हातारी उतरताना बोलून गेली, "आबा, वय झालं बरं का तुमचं."

त्या रात्री आबा ओसरीवर बसून उजव्या पायाला तेल चोळत होते. आईला म्हणाले, "पायात जोर न्हाई राहिला गं. ब्रेक दाबतोय, पर गाडी ऐकत न्हाई."

मी तेव्हा कराडला नोकरीला होतो. दसऱ्याला घरी आलो आणि सगळं ऐकून घेण्याआधीच बोलून मोकळा झालो, "आबा, आता बास करा. लोकांचा जीव तुमच्या हातात असतो. गाडी विकून टाकू."

आबांनी वाद घातला नाही. उठून जीपची चावी देवळीत ठेवली आणि गोठ्याकडं निघून गेले. पुढचे आठ दिवस त्यांनी जीपकडं पाहिलंसुद्धा नाही.

खरं तर गेले चार-पाच महिने आबा ब्रेकची तक्रार करत होते. जवळच्या एका गॅरेजात दोनदा गाडी लावली. लायनर नवे घातले, एअर काढली, चारी चाकांचे सिलिंडर बघितले. सगळं ठीक. शेवटी तिथला पोरगा म्हणाला, "गाडीत काय दोष नाही, आबांनाच दाब देता येत नाही." दोष एकदम न येता रोज थोडा थोडा वाढत गेला, त्यामुळं आबांनाही ते पटलं. पायडल कडक होत चाललंय की पाय थकत चाललाय, हे त्यांचं त्यांना तरी कसं कळावं?

विकण्याआधी गाडी एकदा बघून घ्यावी म्हणून मी ती कराडला चाचांच्या गॅरेजात न्यायला निघालो. आबा शेजारी गप्प बसून होते. मल्हारपेठ येईपर्यंत माझ्याच पोटरीत गोळा आला. मी तेव्हा तिशीतला. तरी मनाची समजूत घातली, की आपल्याला या गाडीची सवय नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पायडल खाली जातंय का कडक लागतंय?"

"दगडावानी," आबा म्हणाले.

"खाली जात असतं तर तेल नाहीतर हवा बघितली असती. कडक म्हणजे बूस्टर." मग मला बाजूला सारून त्यांनी आबांनाच ड्रायव्हर सीटवर बसवलं. "आबा, गाडी बंदच ठेवा. पाच-सहा वेळा ब्रेक दाबा. झालं? आता पाय दाबूनच ठेवा आणि स्टार्टर मारा."

इंजिन धडधडलं.

"पाय खाली गेला?"

"न्हाई. हाय तिथंच हाय."

"जायला पाहिजे होता. इंजिन चालू झालं की पायडल आपोआप थोडं खाली बसतं. तुमच्या पायाला जोडीदारच उरलेला नाही."

मग त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. मास्टर सिलिंडरच्या मागं पत्र्याचा गोल डबा, तोच बूस्टर. आत रबरी पडदा असतो. दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. आपण ब्रेक दाबला की एका बाजूनं बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला ढकलते. पायाचा जोर आणि हवेचा जोर मिळून गाडी थांबते. आमच्या डिझेल गाडीत ही हवा ओढायला डायनामोच्या मागं छोटा पंप होता.

"म्हणजे पंप, पाइप, व्हॉल्व्ह नाहीतर बूस्टर," चाचा म्हणाले. "आधी स्वस्तातलं बघायचं." त्यांनी बूस्टरवरचा पाइप काढला, गाडी चालू केली आणि पाइपच्या तोंडावर माझा अंगठा ठेवायला लावला. अंगठा चांगलाच ओढला गेला. पंप आणि पाइप सुटले. व्हॉल्व्हमध्ये तोंडानं फुंकून पाहिलं. हवा एकाच बाजूनं जात होती. तोही सुटला. पाइप परत जोडून आबांना ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि स्वतः पायडलपाशी कान नेला. मलाही वाकायला लावलं. आतून बारीक 'सूंऽऽ' असा आवाज येत होता. पडदा फाटला होता.

मास्टर सिलिंडर उतरवला तेव्हा बूस्टरमध्ये ब्रेक ऑइल साचलेलं निघालं. आबा एकदम म्हणाले, "दर म्हयन्याला वाईच तेल घालत हुतो. चाकापाशी थेंब न्हाई, खाली डाग न्हाई. जातंय कुठं म्हणून लई शोधलं." मास्टरचा मागचा वॉशर गळत होता. तेल आतल्या आत बूस्टरमध्ये उतरत होतं आणि त्यानंच पडदा खराब झाला होता. नुसता बूस्टर बदलला असता तर नवाही तसाच गेला असता. म्हणून बूस्टर आणि मास्टरचं किट, दोन्ही घातलं.

संध्याकाळी चाचांनी पुन्हा तीच परीक्षा घ्यायला लावली. आबांनी पाय दाबून धरला आणि स्टार्टर मारला.

"गेला की रं खाली!" आबा माझ्याकडं बघून म्हणाले.

पैसे घेताना चाचांनी बजावलं, "डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडू नका. साठलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते, मग परत दगड." आबा ओशाळून हसले. बूस्टर नसलेल्या आपल्या पहिल्या जीपमध्ये ते तसंच करायचे.

परत निघताना मी चावी त्यांच्यापुढं धरली. माफी मागायचं मनात होतं, पण शब्द काही निघाला नाही. मल्हारपेठेजवळ रस्त्यात म्हैस आडवी आली. आबांनी गाडी अलगद थांबवली, म्हैस जाऊ दिली आणि म्हणाले, "तूबी काय चुकीचं बोलला नव्हतास. माणसं बसत्यात गाडीत."

त्यानंतर चार वर्षं त्यांनी वडाप केलं. मग एका संध्याकाळी रात्रीचं नीट दिसत नाही असं आपणहून सांगितलं आणि चावी माझ्या हातात दिली. तेव्हा मी त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो.